सवतीची सही

म्या सिंधुबाई, बिभीषणची दुसरी बायको. पहिली कडूबाई. ती मेली न्हवती, पळूनबी गेली न्हवती. चार वर्षं पागलखान्यात होती. सवतीनं सवतीचं चांगलं सांगावं म्हंजे नवलच, पण ऐका.

तेरा सालच्या दुष्काळात शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीनं जनावरांची छावणी घातली. तिथं दोन माणसांची डोकी फिरली. सर्जेरावला वाटलं, चाऱ्यात इख कालवलंय. त्यानं अख्खी गंजी पेटवली. गावाची जनावरं तीन दिवस उपाशी. पुढल्या महिन्यात जनावरं कडूबाईशी बोलाया लागली, 'आमाला घरी सोड' म्हणून. तिनं चाळीस दावी सोडली आन् आडव्या आलेल्या चेअरमनच्या कपाळात दगड घातला. तीन टाके पडले.

कोर्टानं दोघांनाबी पागलखान्यात धाडलं. सरकारी डॉक्टरनं दोघांच्या कागदावर एकच आजार लिहिला. पण गाव डॉक्टरपेक्षा लई शाणं! सर्जेराव म्हंजे 'बिचारा, दुष्काळानं टाळकं सरकलं, गडी वाईट न्हाई.' आन् कडूबाई? 'माजली होती. नवऱ्यानं धाकात ठेवली न्हाई.' गड्यानं केलं ते आजारानं केलं, बाईनं केलं ते बाईनंच केलं. सर्जेरावच्या बायकोनं, केशरबाईनं, कोर्टात 'सांभाळीन' म्हणून सही केली आन् दोन महिन्यांत त्याला घरी आणला. रोज गोळ्या त्याच्या हातावर ठेवती. आता तो त्याच सोसायटीचा संचालक हाय. चाऱ्याचा अनुभव दांडगा ना!

कडूबाईलाबी डॉक्टरनं वर्षात बरी म्हणून लिहून दिलं. कुणीतरी तशीच सही करायची, एवढंच राहिलतं. पण बिभीषण कशाला जाईल? ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकोची जोडी धरतो. जोडी म्हंजे एक कोयता. बायको नसली की गडी अर्धा कोयता. गोळ्यांनी पेंगणारी बाई मोळ्या काय बांधणार? म्हणून त्यानं धारूरहून मला आणली. माझ्या बापानं विचारलं, "पहिली कुठं हाय?"

"वारल्यासारखीच हाय," बिभीषण म्हणला. बापाला तेवढं पुरलं. काय ती चौकशी!

गेल्या हंगामात माझं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर फडात बसले ती उठंनाच. रडू थांबंना, झोप लागंना. बिभीषण म्हणला, "तूबी तसलीच निघालीस व्हय?" गावी आल्यावर आठ दिवसांत तिसरी पोरगी बघून आला. तवा मला कडूबाई आठवली. खरं सांगते, दयेनं न्हाई, भ्यानं आठवली. आज ती आत, उद्या म्या.

सर्जेरावकडं गेले. म्हणलं, "दादा, तुमी तिथं राहून आलाय. तुमच्या सहीला वजन हाय. कडूबाईसाठी एवढी करा."

"बाईमाणसाची जोखीम कोण घेणार?" तो म्हणला. "तिचा काय नेम?"

अरं देवा! गंजी पेटवणारा मला नेम शिकवतोय. माझ्या अंगाची लाही लाही झाली. केशरबाई मात्र वाटंपर्यंत माझ्यामागं आली, कोर्टात कुठं जायचं, काय बोलायचं सगळं तिनं सांगितलं आन् म्हणली, "सही तूच कर की. सांभाळणारी बाईच असती."

कोर्टाचा कागद घेऊन दवाखान्यात गेले. कारकुनानं विचारलं, "नातं?"

"सवत."

त्यानं पेन खाली ठेवला. "भांडायला नेताय का?"

"भांडायलाबी घरात माणूस लागतंय," म्हणलं. "लिहा तुमी."

कडूबाई आली. केस बारीक कापलेले, हातात कपड्यांची पिशवी. आधी माझ्यामागं दारापर्यंत बघितलं.

"त्यो न्हाई आला?"

"न्हाई. म्या त्याची दुसरी बायको. तुला न्यायला आले."

ती चिडली न्हाई, रडली न्हाई. माझा सही केलेला हात तिनं धरला. माझ्या तांबारल्या डोळ्यांत निरखून बघितलं.

"किती दिस झोपली न्हाईस?" तिनं विचारलं.

म्या माणुसकीच्या चार गोष्टी पाठ करून गेलते. पण चार महिन्यांत कुणी विचारलं न्हवतं, ते तिनं विचारलं. म्या तिथंच ढसाढसा रडले.

कडूबाईनं पिशवी बाकड्यावर ठेवली. कारकुनाला म्हणली, "साहेब, आधी हिला डॉक्टरला दाखवते. घरी मग जाऊ."