कान ओढला की निघायचं

माझं काम गाड्यांच्या सीट शिवायचं. जुनी सीट उचलली की खाली काय सापडेल ते सांगता येत नाही. पेन्सिलीचा तुकडा, केसांची क्लिप, अर्धं बिस्कीट, एवढासा एकच मोजा. ज्या घरात लहान पोरं, त्या गाडीच्या सीटखाली ढीग जास्त. आमचे किस्सेही असेच साठलेत. मुद्दाम कुणी ठेवले नाहीत, पण सगळे जमलो की कुणीतरी सीट उचलतंच. आणि खाली बहुतेक वेळा मीच सापडतो.

आम्ही तीन घरं. अमर आणि सागर माझे शाळेपासूनचे मित्र. मी नववीतनं शाळा सोडली, ते दोघं पुढं शिकले. अमर हायस्कूलवर शिक्षक झाला, त्याची बायको स्नेहल बालवाडीत शिकवते. सागर शिकून परत कोडोलीला गेला, शेती आणि गोठा बघतो. माझ्या घरी सुजाता, पाच वर्षांची जुई आणि तिच्या पाठचा शंभू. अधूनमधून एखाद्या रविवारी कुणाच्या तरी घरी, नाहीतर कुठंतरी बाहेर, असं आमचं जमणं असतं.

बाकीचे त्या रविवारची वाट बघतात. मी शनिवारपासूनच न जायची कारणं शोधायला लागतो. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दुकानात बोलतो, कारण तिथं हात कामात असतात. कुणाच्या हॉलमध्ये हात मांडीवर ठेवून बसलो की काय बोलायचं तेच सुचत नाही.

*

अमरच्या नव्या फ्लॅटवर पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. हॉलमध्ये नवाकोरा सोफा, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. लहान पोरं असलेल्या माणसानं असला रंग का घ्यावा, हे मला धंद्यातला माणूस म्हणून विचारायचं होतं. पण विचारलं नाही.

शंभूला तेव्हा नुकतीच डायपरशिवाय ठेवायची सवय लावत होतो. तो सोफ्यावर शांत बसला होता. फारच शांत. मी खाली हात लावून बघितला, तर गादी ओली.

अमर बाल्कनीत सुजाताला झाडं दाखवत होता. स्नेहल स्वयंपाकघरात. मी शंभूला खाली उतरवलं, गादीची मागची बाजू चाचपली. गादी सुटी होती. आपल्याला काय, दोन सेकंदांचं काम. उचलली आणि उलटी केली.

खालच्या बाजूला आधीच एक भला मोठा डाग होता.

मी गादी हातात धरून उभा. स्वयंपाकघराच्या दारातनं स्नेहल म्हणाली, "अजितदादा, ती बाजू आमच्या आर्यननं केलीय. आता कुठली वर ठेवायची ते तुम्हीच सांगा."

*

अशा प्रसंगांनंतर मला लवकर घरी निघायची घाई व्हायची. पण "निघतो" एवढं म्हणायलाही धीर लागतो. मी म्हणालो की सगळे आग्रह करणार, का म्हणून विचारणार, मी परत खाली बसणार.

एकदा जुईला खरोखर झोप आली आणि ती म्हणाली, "मला घरी जायचंय." सगळे लगेच उठले. कुणी आग्रह केला नाही, कुणी कारण विचारलं नाही. लेकरू म्हटल्यावर काय बोलणार?

तिथं माझ्या डोक्यात आलं. मी जुईला शिकवलं, की पप्पानं स्वतःचा कान ओढला की तू म्हणायचं, "झोप आली, घरी जाऊया." तिला तो खेळच वाटला. सुजातालाही आम्ही सांगितलं नव्हतं. बरेच रविवार हे बिनबोभाट चाललं. जुई जांभईसुद्धा द्यायला शिकली.

मग आम्ही सागरकडं कोडोलीला गेलो. सकाळची वेळ. सागरच्या आईनं पोह्यांच्या ताटल्या दिल्या आणि माझ्यासमोर पाट टाकून बसल्या. माझ्या आईची तब्येत, दुकान, घरभाडं, दुसरी मुलगी हवी होती का मुलगाच, एकामागून एक प्रश्न. माझा हात कानाकडं गेला.

जुईनं जांभई दिली. "झोप आली, घरी जाऊया."

आजींनी बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. जुईकडं बघितलं. "आत्ता तर उठून आलीयास की गं बाई. अंगात कणकण हाय वाटतं." त्यांनी जुईच्या कपाळाला हात लावला, तिला उचलून आतल्या खोलीत नेलं, खिडकी लावून घेतली आणि अंगावर वाकळ घातली. पोरीला ताप असताना गाडीवरनं न्यायची न्हाय, असं मला बजावलं. म्हणजे दुपारी निघणारे आम्ही संध्याकाळपर्यंत अडकलो.

जुई वाकळेखालनं माझ्याकडं एकटक बघत होती. तेवढ्यात आजी आणखी एक वाकळ घेऊन आल्या आणि जुईच्या शेजारी अंथरली.

"तू बी पड रं अज्या. मगापासनं नुसता कान ओढत बसलाईस. ठणकत असंल."

कानात कोमट तेल घालूनच त्या बाहेर गेल्या.

*

नृसिंहवाडीला गेलो तेव्हा तर कान ओढून उपयोगच नव्हता.

दर्शन घेऊन सगळे घाटावर बसले होते. सागरनं गावाकडं वाटायला पेढ्यांचा मोठा बॉक्स घेतला होता आणि तो माझ्याजवळ ठेवून पाण्याकडं गेला होता. मी सुजाताची पर्स, तिघांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत होतो. एवढं काम मला आवडतं. बोलावं लागत नाही.

मागं वळून बघतो तर शंभू नाही आणि बॉक्सही नाही.

शंभू वाटेच्या मधोमध उभा होता, बॉक्स उघडा करून. येणारी जाणारी माणसं थांबत होती, हात पुढं करत होती आणि तो प्रत्येकाच्या तळहातावर एक पेढा ठेवत होता. कपाळाला गंध, अंगाला सोवळ्यासारखी गुंडाळलेली सुजाताची ओढणी. रांग लागली होती. एक म्हातारे गृहस्थ तर त्याच्या पाया पडले.

मी पिशव्यांसकट धावलो. जवळ गेलो आणि उभा राहिलो. "अहो, हा प्रसाद नाही, आमच्या मित्राचे पेढे आहेत," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. समोरच्या बाईंनी पेढा कपाळाला लावला. मी तोंड मिटलं. शेवटी मीच हात पुढं केला, म्हटलं निदान एक तरी वाचवावा. शंभूनं मलाही एक दिला.

सागर आला तेव्हा बॉक्सात कागद उरला होता. "आरं, सांगायचं न्हाईस व्हय लोकास्नी?"

मी म्हणालो, "कुणाला सांगू? सगळ्यांनी डोळे मिटलेले."

त्यानंतर तीन घरांत हे वाक्य म्हणच होऊन बसलं. हसतात सगळे, मीही हसतो. पण खरं सांगायचं तर मला त्या दिवशी घाटावर रडू येत होतं. बापाला एक वाक्य बोलता येत नाही, हे मोठ्यांपुरतं होतं तोवर ठीक होतं. आता पोरगा बघत उभा होता.

*

रंकाळ्यावरची गोष्ट कुणी सांगत नाही. ती मीच सांगतो.

संध्याकाळी सगळे भेळ खात बसलो होतो. त्या जूनपासून जुई स्नेहलच्याच वर्गात जायला लागली होती. स्नेहलनं जुईला जवळ घेतलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, "दादा, घरी ही बोलते का हो?"

"लई बोलते," सुजाता म्हणाली. "डोकं उठवते."

स्नेहलनं मान हलवली. "वर्गात एक अक्षर नाही. माझ्या घरी येते तेव्हासुद्धा मी हिच्या तोंडून एकच वाक्य ऐकलंय. झोप आली, घरी जाऊया."

मी भेळेचा कागद खाली ठेवला.

स्नेहलनं सांगितलं, की बालवाडीत पुढच्या महिन्यात मुलं आणि त्यांचे पप्पा मिळून गोष्ट सांगणार आहेत. स्टेजवर, माईकसमोर, सगळ्या पालकांपुढं. बाप शेजारी उभा असला की गप्प बसणारी पोरंही बोलतात, असा तिचा अनुभव. "तुम्ही दोघं याच. जुईसाठी तरी." मग ती जुईकडं वळली. "काय गं, पप्पाबरोबर सांगणार ना गोष्ट?"

सगळे जुईकडं बघायला लागले. जुईनं माझ्याकडं बघितलं. तिचा हात हळूच वर गेला आणि तिनं स्वतःचा कान ओढला.

आता मला बोलणं भाग होतं. सूर्य मावळायचा होता, पोरं पळत होती, भेळ अर्धी उरली होती आणि मी, एवढा बाप्या माणूस, सगळ्यांसमोर म्हणालो, "मला झोप आलीय. आम्ही निघतो."

गाडीवर जुई नेहमीसारखी पुढं उभी होती. थोड्या वेळानं म्हणाली, "पप्पा, तू तिथं का बोलत नाहीस?"

"मी घरी गेल्यावर बोलतो की."

"मग मी पण," ती म्हणाली.

मागं बसलेल्या सुजातानं सगळं ऐकलं होतं. घरी आल्यावर कुलूप काढताना म्हणाली, "पुढच्या रविवारी सगळ्यांना आपल्याकडं जेवायला बोलावलंय म्हणून कळव. बघू आपल्याच घरातनं कुठं पळून जातोस ते."

*

रविवारी दोन्ही घरं आली. सुजातानं तांबडा-पांढरा रस्सा केला होता. आमची एकच खोली आणि पुढं छोटा हॉल, पण पंगत बसली. मी वाढत होतो, त्यामुळं हात कामात होते आणि मी चक्क बोलत होतो. रस्सा घे, लिंबू पिळ, सागर तुला आणखी एक भाकरी. जुईला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की कान ओढायचा खेळ संपला.

जेवणं झाली. मी हात धुऊन येऊन बसलो. आणि अमरनं विचारलं, "मग काय अजित? गोष्टीचं काय ठरलं? स्नेहलला नावं द्यायचीत. तू येणार आहेस ना जुईबरोबर?"

सुजाता दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. स्नेहल बघत होती. मी मान हलवली असती तरी चाललं असतं. पण मला डोळ्यांपुढं तो माईक दिसायला लागला, आणि हात कधी कानावर गेला ते माझं मलाच कळलं नाही.

जुई उठली. कोपऱ्यातनं तिनं आपले सँडल आणले, खाली बसून नीट पायात घातले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झोप आली," ती म्हणाली. "घरी जाऊया."

सागरला ठसका लागला. "आगं, कुठल्या घरी चाललीयास?"

जुईनं भिंतीकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं. तिचा ओठ खाली वाकला. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सुजातानं तोंडाला पदर लावला, हसत होती की रडत होती ते मला बघवेना.

अमर मात्र हसला नाही. तो उठला, त्यानं चपला घातल्या आणि जुईचं बोट धरलं.

"चल," तो म्हणाला. "मी सोडतो तुला घरी."

दोघं बाहेर पडले. दार लागलं. खिडकीतनं मला दिसत होतं, ते बोळातनं चालत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेले, तिथनं वळले आणि परत आले. आतनं सगळे तिकडंच बघत होते. शंभूसुद्धा.

बेल वाजली.

सुजातानं दार उघडलं. जुई आत आली. सँडल काढले, जागेवर ठेवले, सगळ्यांच्या मधनं चालत आली आणि माझ्या मांडीवर बसली.

"पप्पा, आलं घर," ती म्हणाली. "आता बोल की."