फोटो न देणारी संस्था

नाताळसाठी जमवलेले स्वेटर आणि खाऊ कुठल्या संस्थेला द्यायचे, यावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान चालू आहे. अनाथाश्रमाची हिरवी पट्टी बघता बघता लांबतेय. मी सुचवलेल्या संस्थेची पट्टी मात्र जागची हलत नाही. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायका तिथे लपून राहतात, म्हणून तिथल्या ताई कुणालाच फोटो काढू देत नाहीत.

"फोटोच नाही, तर आपण दिलं हे लोकांना कळणार कसं?" चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं. खाली अंगठेच अंगठे.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे आपल्याला उपकार करायचे तर समोर हसरा चेहरा हवा, शक्यतो लहान मुलाचा, लाल टोपी घातलेला. ज्या बाईला तोंड लपवून जगावं लागतं, तिने आधी तोंड दाखवावं, मग स्वेटर घ्यावा!

आणि त्यातला पहिला अंगठा कुणाचा? तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचा. त्यांची बायको नेसत्या साडीनिशी निघून गेली, त्याला दोन वर्षं झाली. त्याआधीचं सगळं काकूंना वरच्या मजल्यावर आणि मला शेजारच्या घरात स्पष्ट ऐकू यायचं.

आम्ही दोघीही टीव्हीचा आवाज वाढवायचो.