तिसरं रीडिंग

एक किस्सा सांगायला घेतला की मागचे चार आपोआप दारात येऊन उभे राहतात. नव्वदच्या दशकात मी विद्यानगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची तात्पुरती इन्स्ट्रक्टर होते, तिथल्या प्रत्येक किश्श्यात इनामदार सर असतातच. सरांनी पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा लॅब सांभाळायला दुसरं कोणी मिळेना, म्हणून सरांना बसवलं. सरांनी टेबलावरचा लंबक काढून तिथं कॉम्प्युटर मांडला. बाकी काही बदललं नाही.

* * *

जर्नल तेच. उद्देश, साहित्य, निरीक्षणं, अनुमान. साहित्यात पोरं लिहायची, 'कॉम्प्युटर, स्टूल'. वर प्रत्येक प्रोग्रॅमची तीन रीडिंग घ्यायची. बेरजेच्या प्रोग्रॅमचं उत्तर अर्थातच तिन्ही वेळा चोवीस यायचं. कॉपी केली म्हणून सरांनी अख्खी बॅच परत पाठवली. "तीन रीडिंग तंतोतंत सारखी? निसर्गात असं होत नाही."

पुढच्या आठवड्यात मळमड्डीच्या एका मुलीनं २३.९, २४ आणि २४.१ लिहिलं. दहापैकी दहा!

* * *

चार नंबरचं मशीन मधेच बंद पडायचं. दुरुस्तीवाला धूळ म्हणाला. सरांना ते पटेना. त्यांनी वही सुरू केली: वेळ, तापमान, लॅबमध्ये कोण कोण. महिन्याभरात अनुमान निघालं. मी दुपारी धारवाडहून येऊन लॅबमध्ये पाय ठेवला की पाच मिनिटांत मशीन बंद!

सरांनी ते मला मोठ्या कौतुकानं दाखवलं. मला रडूच यायचं बाकी होतं. माझी पुढच्या वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर त्याच आठवड्यात निघायची होती आणि वही प्राचार्यांनीही वाचली होती.

* * *

प्राचार्य स्वतः बघायला आले. मी कॉरिडॉरमध्ये, मशीन ठणठणीत. मला आत बोलावलं. सर सवयीनं शेजारच्या खोलीत जाऊन आले, आणि थोड्या वेळात चार नंबरचा पडदा काळा. प्राचार्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात शिपाई बसण्णा म्हणाला, "अक्का आल्या की सर चहाला कॉईल लावतात की हो. दोन्हीला लाईन एकच आहे."

सर गोरेमोरे झाले, पण हटले नाहीत. एका रीडिंगवरून काही ठरत नाही, म्हणाले. मग मला बाहेर उभं करून कॉईल तीनदा लावली. तीनदा मशीन बंद. कॉईल काढून मला आत बसवलं, तर मशीन चालू ते चालूच. प्राचार्यांनी हसत हसत चहा घेतला आणि ऑर्डरवर आजच सही करतो म्हणून गेले. माझा जीव भांड्यात पडला.

सर मात्र वही उघडून बसले होते. एकाखाली एक तीनदा 'बंद' लिहिलं होतं. मग हळूच मला म्हणाले, "बाई, तिसऱ्या वेळी जरा उशिरा बंद पडलं, असं लिहू का?"