पंचांकडे गेलेली नऊ नावं

मालतीच्या मुलाचा, शिरीषचा, फोन आला तेव्हा मी अल रय्यानला लेकीच्या स्वयंपाकघरात मटार सोलत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला तो. आदल्याच आठवड्यात आम्ही दोघी मॉलमध्ये फेऱ्या मारून आलो होतो... कतारमध्ये आपल्या पद्धतीनं दहन करता येत नाही, म्हणून कागदपत्रं होईपर्यंत तिला ताटकळावं लागलं. उभ्या जन्मात तिला वाट बघणं जमलं नव्हतं. मग विमानानं मिरजेला नेलं. मी गेले नाही. गुडघ्याचं कारण पुढे केलं, पण खरं कारण गुडघा नव्हता.

तिचा शिरीष अल हिलालला, माझी लेक इकडे, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या मुलांकडे येऊन पडलेल्या. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात तिनं मला मागून येऊन धपाटा घातला, "सिंधे, किती सुटलीस गं!" मधे जवळजवळ साठ वर्षं गेली होती. बाहेरच्या उन्हात चालायची सोय नाही, म्हणून दुकानं उघडायच्या आत आम्ही मॉलमध्ये चालायचो. मी सरळ चालायची. ती बाकांच्या मधून नागमोडी जायची, खो-खोत बसलेल्या मुलींमधून साखळी धरून पळावं तशी. सुरक्षारक्षक म्हणायचा, "अम्मा, स्लो, स्लो." ती त्याला "शुक्रन" म्हणून पुढे.

नातवंडांना ती नेहमी त्या एकाच हंगामाची गोष्ट सांगे. साठच्या दशकातली गोष्ट, आमच्या गावातल्या क्रीडा मंडळाच्या मुलींनी खो-खोत जिल्ह्यात एकही सामना न हरता विजेतेपद आणलं तेव्हाची. "आम्ही जिंकलो," म्हणायची. नात विचारायची, "आजी, डिड यू प्ले द फायनल?" आणि मालती विषय बदलून तिला खायला द्यायची. मी शेजारी बसून खाली बघत असे.

त्या हंगामात मालती आमची कर्णधार होती. हाफपँट घालून पळणाऱ्या मुली म्हणून गावानं नाकं मुरडली, आणि तेच लोक दोरीपाशी जागा धरून बसायला लागले. बचावाला तीन-तीन जणी उतरायच्या; मालती पहिल्या तुकडीत, मी दुसऱ्या. पहिली तुकडी बाद झाली तरच आम्हाला पळायला मिळणार, आणि ही काही बाद व्हायची नाही. पाळी संपायची, लोक तिच्या नावानं ओरडायचे, आणि मी बचावाला न उतरताच घरी जायची. टाळ्या मीही वाजवायची. पण मनातून जळायची, हे आता लिहायला काय हरकत आहे?

अंतिम सामन्याला राज्याच्या संघाची निवड करणारे लोक येणार होते. मालतीच्या वडिलांनी तिला शब्द दिला होता, निवड झाली तर लग्न पुढे ढकलू, कॉलेजात घालू. आणि नेमके त्याच दुपारी तिला बघायला पाहुणे आले. तिची वहिनी देवळाच्या निमित्तानं धापा टाकत मैदानावर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाहुणे उठले की मागच्या दारानं ती येतेय. अर्धा तास थांबा म्हणावं सरांना." मी "हो" म्हटलं. वहिनी गेली. थोड्या वेळानं आमचे खो-खोचे सर आले, "मालती कुठाय?" मी सांगितलं, "पाहुणे आलेत. नाही येणार ती."

सरांनी मालतीला वगळून नऊ नावं पंचांकडे दिली; एकदा गेलेली नावं बदलता येत नव्हती. तिच्या जागी पहिल्या तुकडीत मी. मालती आली तेव्हा सामना सुरू झाला होता. साडी नेसूनच आली होती. सर तिच्यावर खेकसले. ती दोरीपलीकडे उभी राहिली आणि मी पळत असताना माझ्याच नावानं ओरडत राहिली... आम्ही जिंकलो. माझी निवड झाली, पुढे त्याच जोरावर शाळेत खेळाची शिक्षिका झाले, तीस वर्षं मुलींना खिलाडूवृत्ती शिकवली. मालतीचं दोन महिन्यांत लग्न झालं.

वहिनीनं निरोप पोचवलाच नाही, असं मालतीच्या मनानं घेतलं. वहिनी देवाची शपथ घेऊन सांगत राहिली, पण मालतीनं तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. माहेरच्या कार्याला गेली तरी वहिनीच्या हातचं पाणी घेत नसे. हे मला तिनंच मॉलमधल्या बाकावर बसून सांगितलं, त्या शेवटच्या सकाळी. मग म्हणाली, "तुझ्याकडे दिला होता म्हणते ती. खरं सांग, दिला होता का गं?" माझ्याकडे अगदी सरळ बघत होती. आता कुणाचं काय जाणार होतं? माझी नोकरी संपली, नवरा गेला, तेव्हा जिंकलेल्या ढालीसोबतचा फोटोही कुठे गेला ठाऊक नाही. तरी मी म्हटलं, "मला तर काही आठवत नाही बाई." "असू दे," म्हणाली. "मग वहिनीच खोटं बोलली." आणि उठून चालायला लागली, या वेळी सरळ.

परवा शिरीष मिरजेहून परत आला. त्यानं फोनवर सांगितलं, की मामीला, म्हणजे त्याच वहिनीला, धरून आणावं लागलं. नव्वदी गाठलीय, नीट दिसत नाही. ती मालतीच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मालू, मी निरोप दिला होता गं." सगळ्यांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. "कसला निरोप, मावशी?" शिरीषनं मला विचारलं. मी म्हटलं, "काय की रे, जुनं काहीतरी असेल."

फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. शिरीष, हे तुलाच पाठवतेय, तू वाचशीलच. वाचून झालं की मिरजेला फोन लाव आणि मामीला मोठ्यानं वाचून दाखव, घरातल्या सगळ्यांसमोर. वहिनी, तुम्ही निरोप दिला होता. माझ्याच हाताला धरून दिला होता, आणि मी "हो" म्हटलं होतं.