पाना जाईल एवढी जागा

चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, सगळे आडवे झोपलेले. हे इंजिन आमच्या कारखान्यात पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा कुणीतरी त्याच्यावर चहाचा पेला ठेवला होता आणि त्यातला थेंबही सांडला नाही. त्या ड्रॉइंगवर मी पाच वर्षं घातली होती. कर्वेनगरच्या घरी मुलगी केव्हा दुसरीत गेली, ते मला तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना कळलं.

तोवर देशाचे दरवाजे उघडले होते. मालकांची परदेशी कंपनीशी बोलणी चालली होती आणि त्या कंपनीकडे तयार इंजिन होतं. आम्हाला एकच संधी मिळाली. आपलं इंजिन गाडीत बसवून पाहुण्यांना दाखवायचं. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर विभाग बंद.

इंजिनाची जुळणी करणारे मिस्त्री येरवड्याहून सायकलने यायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. एका सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, इंजिन ब्येस हाय. पर गाडीत बसवल्यावर प्लग पार चॅसीला चिकटतोय. प्लग खोलायला पाना कुठनं घालायचा?"

मी मान वर न करता म्हणालो, "अहो मिस्त्री, आपण पाने सांभाळा. ड्रॉइंग सांभाळायला मी आहे."

सगळं ऑफिस हसलं. मीही स्वतःवर खूश झालो. असला खवचटपणा आमच्याकडे फुकट मिळतो आणि आम्ही तो हात सैल सोडून वापरतो. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं. पण इंजिनाची बैठक बदलायची म्हणजे आणखी चार महिने, आणि मी इतका दमलो होतो की चार दिवससुद्धा नको वाटत होते. मिस्त्रींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पाहुणे आले. गाडी वाघोलीपर्यंत जाऊन आली, झकास पळाली. मालक हसत होते. मग पाहुण्यांतला एक जण सहज म्हणाला, एक प्लग काढून दाखवा.

मिस्त्रींनी बैठकीचे बोल्ट सैल केले, खाली जॅक लावला, अख्खं इंजिन उचललं आणि मग कुठे पाना आत गेला. तोपर्यंत पाहुण्यांचा दुसरा चहा झाला होता. त्या माणसाने मला इंग्रजीत विचारलं, हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं का?

मिस्त्री माझ्या शेजारीच हात पुसत उभे होते. मी म्हणालो, "नो."

इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण एवढं कळायला कितीसं लागतं? ते हात पुसत राहिले. त्यांनी तिथेच मला खोटं पाडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. निदान ते ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं.

विभाग बंद झाला. मिस्त्रींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी ते पुन्हा माझ्या टेबलाशी आले. आता बोलणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो.

"साहेब, परत कुठं असलं इंजिन करायला घेतलं तर कळवा. मी यीन."

मी हो म्हणालो. आयटी कंपनीचं नेमणूकपत्र तेव्हा माझ्या बॅगेत होतं.