जाताना भरलेली हवा

काटा पार शेवटाला जाऊन टेकला. मला वाटलं, माझं मीटर बिघडलं. हॉस्पिटलचं मागवलं. ते इन्चार्ज सिस्टरने कुलपातल्या कपाटातून काढून दिलं, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. त्याचाही काटा शेवटाला!

नागपूरच्या एका खासगी हॉस्पिटलात मी आयसीयूच्या सिस्टर्सना शिकवायला गेले होते. विषय साधा. व्हेंटिलेटरच्या पेशंटच्या श्वासनळीत जी ट्यूब घालतात, तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. त्याला कफ म्हणतात. तो सिरिंजने हवा भरून फुगवला की व्हेंटिलेटरची हवा कडेने निसटत नाही, लाळही फुप्फुसात फारशी उतरत नाही. मीटरवर दाब वीस ते तीसमध्ये हवा. जास्त झाला की श्वासनळीच्या अस्तराला रक्त मिळत नाही आणि ते सडायला लागतं.

काटा शेवटाला गेला त्या बेडवर कळमेश्वरचे एक गृहस्थ होते. धान्याच्या बाजारात लिलाव पुकारणारे. सकाळीच त्यांच्या बायकोने मला दाराशी गाठलं होतं. "मॅडम, याइचा आवाज तर राहीन ना? घर त्याच्यावरच चालून राहिलं." मी म्हटलं, बघते.

आधी मीटरचं बटण दाबून हळूहळू हवा सोडली, दाब पंचवीसवर आणला. मग विचारलं, इतकी हवा भरली कोणी? कफ कसा तपासता म्हटलं, तर सिस्टर्सनी कफला जोडलेला, बाहेर लोंबणारा बारका फुगा बोटांनी दाबून दाखवला. कडक लागला की बरोबर.

वैशाली सिस्टर म्हणजे तिथली सगळ्यात मन लावून काम करणारी मुलगी. ती अगदी सहज म्हणाली, "ड्यूटी संपताना आम्ही थोडी हवा भरूनच जातो मॅडम. पुढचीले आल्या आल्या हवा निसटून अलार्मचा त्रास नको."

"प्रत्येक जण?"

"हो. पद्धतच आहे आमची."

सकाळची दुपारचीसाठी भरते, दुपारची रात्रीचीसाठी, आणि काढत कोणीच नाही. अगं बाई, मैत्रिणीची सोय बघता बघता या पोरी माणसाचा गळा आतून आवळत होत्या! ओरडणार तरी कोणावर? कामचुकार एकही नव्हती. इन्चार्ज म्हणाल्या, मीटर बाहेर ठेवलं की गायब होतं. तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, मग बँकेतल्या पेनासारखं बांधून ठेवा. त्याच दिवशी बांधून घेतलं. जाणारी आणि येणारी, दोघींनी मिळून दाब मोजायचा, हेही ठरवून दिलं.

पुढे त्या गृहस्थांची ट्यूब निघाली. जीव वाचला. बायकोने नाव घेऊन हाक मारली, त्यांनी ओठ हलवले, आणि नुसती हवा बाहेर आली. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. आत जखम होती, आवाजाची नस दबलेली होती.

काही महिन्यांनी आवाज आला, पण घोगरा. समोरच्या माणसापुरता. लिलाव आता त्यांचा भाऊ पुकारतो.

नवीन बॅचला मी एवढंच सांगते. पुढचीची सोय करायची ना, तर मीटरवरचा आकडा सांगून घरी जा. सिरिंजला हात लावू नका.