हरळी की दूर्वा

गंगेपलीकडे रामनगरला भाजी पिकवणाऱ्या चाचींच्या वांग्यात जे तण माजतं, ते आमच्या काशीतल्या दुर्गाघाटच्या घरी गणपतीला वाहतात. त्यांची हरळी म्हणजे आमच्या दूर्वा. आघाडा तर पत्रीत हवाच. म्हणून दर भाद्रपदात मी नि सासूबाई पूल ओलांडून त्यांच्या शेतात जातो. त्यांना फुकटची निंदणी, आम्हाला ताजी पत्री!

गेल्या वर्षी मात्र सासूबाईंनी जास्तीचा शहाणपणा केला. निर्माल्य गंगेत टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही. मग "जिथलं तिथे" म्हणत दूर्वांचे लांबलचक हार, आघाड्याचे वाळके तुरे, सगळं चाचींच्या शेतात नेऊन पसरलं. वर हातही जोडले! चाचींना विचारायचं काही सुचलं नाही.

नांगर फिरला तशी हारातली कांडी न् कांडी रुजली, आघाड्याचं बी उगवलं. यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेलो, तर वांग्याची रोपं शोधावी लागत होती. चाची कमरेवर हात ठेवून उभ्या, शेजारी तणनाशकाचा भरलेला पंप.

"आपका ही प्रसाद है न अम्मा, अब दवाई पियेगा!"

मला हसू आवरेना. सासूबाईंचा चेहरा मात्र पडला. फवारलेली दूर्वा देवाला कशी वाहायची? आणि चार थेंब उडाले तर कोवळी रोपंही जायची, ही धास्ती चाचींनाही होतीच. पण करतात काय बिचाऱ्या?

"शाम तक रुको," म्हणत सासूबाईंनी पदर खोचला. जन्मभर दूर्वा नुसत्या वरून खुडणारी ही बाई खुरपं घेऊन मुळं खणायला बसली!

"अहो आई, देवाचं आहे ते," मी चिडवलं.

"गप्प बैस. वांग्यात आहे तोवर तणच. ओढ!"

माझ्या कमरेचा काटा ढिला झाला, पण पंप भरलेलाच घरी गेला. निघताना चाचींनी बांधावरचा हरळीचा एक ठोंब दाखवला. "ये गणेशजी के लिए छोड़ दिया." सासूबाईंनी तोही मुळासकट उपटला आणि पिशवीत घातला.

आता तो आमच्या गच्चीवर कुंडीत फोफावलाय. मला वाटलं, दूर्वा घरच्या झाल्या, सुटलो! कसलं काय. परवा चहा पिताना सासूबाई म्हणतात, "खुरपं कुठे ठेवलंस गं? चाचींकडे हरळी पुन्हा फुटली असेल."